मशीनचा प्लग माझ्या हातात होता

माझ्या मेहुण्याने, प्रकाशने, एका मेलेल्या माणसाला फसवलं आणि त्याच्यासोबत मलाही. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. सुरतेच्या उधन्यात भाड्याच्या एका एम्ब्रॉयडरी मशीनवरून मी कारखाना उभा केला, तो नवस बोलून नाही, घासाघीस करून. तरीही हे लिहितोय...

मशीनचा प्रोग्राम प्रकाशने लिहिलेला. सुयांजवळ हात गेला की मशीन आपोआप थांबायचं. "थांबून थांबून माल उशिरा निघतो," अशी त्याचीच कुरकुर असायची. एके दिवशी मशीन थांबलंच नाही. आमचा कारागीर भिका — सुयांनी त्याचा हात फाडून काढला. दवाखान्याच्या वाटेवरच तो गेला.

"दाजी, भिकानेच सेटिंग बदललं होतं," प्रकाश म्हणाला. सगळ्यांनी मानलं. मीसुद्धा. भिकाची बायको सखूबाई तेव्हापासून हेच ऐकतेय — तुझा नवरा स्वतःच्या चुकीने मेला.

यंदा दसऱ्याला माझी भाची स्वाती जुना प्रोग्राम नव्या सिस्टीममध्ये आणत होती. प्रोग्राममधला कुठला बदल कोणी केला, याची नोंद ही सिस्टीम ठेवते. पण जुनं सगळं आत आणणाऱ्या टूलच्या सूचना वाचून तिचं डोकं फिरलं.

"मामा, इथे लिहिलंय, नाव नसेल तर योग्य नाव लावलं जाईल. योग्य म्हणजे कोणी ठरवलेलं?"

"ज्याने हे लिहिलं त्याला आण, दोन कानाखाली देतो. तू चालव!"

नावं नव्हतीच. आमच्याकडे सगळे एकाच पासवर्डवर काम करायचे. त्यामुळे प्रत्येक बदलापुढे 'कारखाना' एवढंच उमटत गेलं... एक सोडून. 'सुया थांबवणारी ओळ काढली — प्रकाश.' आणि त्याखाली भिकाच्या अहिराणीत — 'मना हात दे.' माझा हात दे.

स्वातीने पुसून पुन्हा चालवलं. तेच. जुन्या फाइलींत हे शब्द कुठेच नाहीत.

तेवढ्यात आपट्याची पानं घेऊन प्रकाश आला. "सोनं घ्या, दाजी!"

मी गचांडी धरून त्याचं तोंड स्क्रीनवर आपटलं. ओठ फुटला.

"तुम्हीच बनवलंय हे!" तो ओरडला.

"मग घे शपथ. भिकाच्याच मशीनवर हात ठेवून."

तो बिचकला. दसऱ्याला आम्ही मशीन बंद ठेवतो, पुसून हार घालतो. मी प्लग उचलून त्याच्या नाकासमोर नाचवला. "हा बघ. घाबरतोस कशाला?"

त्याने पानांसकट हात सुयांखाली ठेवला. "मी ती ओळ काढली..." 'नाही' म्हणायच्या आत ओळीतल्या सगळ्या सुया खाली आल्या. पुन्हा वर, पुन्हा खाली. आपट्याची पानं त्याच्या तळव्याला शिवली गेली. हाराची झेंडूची फुलं रक्ताने भिजली. स्वाती किंचाळत होती आणि प्लग माझ्या मुठीत होता.

मेकॅनिक म्हणतो, विजेशिवाय सुई हलणं शक्यच नाही. टूलवाल्यांना विचारलं, तर म्हणे सूचना नीट वाचा. मला काही कळत नाही, कळेल असंही वाटत नाही.

प्रकाश आता गावभर सांगतोय — दाजींनीच मशीन चालू केलं. म्हणजे पुन्हा दुसऱ्याच्याच माथी!

प्रकाश, माझं सोड. सखूबाई कारखान्याच्या दारात येऊन बसलीय. ये, तो शिवलेला हात तिच्यासमोर धर आणि बोल — ती ओळ कोणी काढली?