मे महिन्यातला पारा

घामोळ्यांच्या पावडरीचा वास आला की मला ऐंशीच्या दशकातली मुलुंडची आमची पत्र्याची खोली आठवते. घाम बाराही महिने असायचाच, पण मे महिन्यात पत्रा तव्यासारखा तापायचा. अशाच एका दुपारी, नवरा कामावर गेलेला असताना, तीन महिन्यांच्या माझ्या मुलाचं अंग गरम लागलं. मी काखेत थर्मामीटर लावलं, तर पारा एकशे पाचवर! बाळाला उचलून, थर्मामीटर हातात तसंच धरून मी अनवाणीच शेजारच्या नर्सबाईंकडे धावले. त्यांनी त्याच्या अंगावरून हात फिरवला आणि विचारलं, "थर्मामीटर कुठं ठेवलेलंस गं?" "वर, पत्र्याजवळच्या फळीवर." "लावायच्या आधी झटकलंस?" "नाही." त्यांनी ते माठातल्या पाण्यात धरलं, झटकलं आणि पुन्हा लावलं. पारा अठ्ठ्याण्णवावर थांबला. "अगं वेडे, ताप पत्र्याला आलाय, पोराला नाय!" त्या हसल्या. मी तिथंच लादीवर बसून रडले. बाळाला मांडीवर घेत त्या म्हणाल्या, "तू पड जरा." बाळंतपणानंतर पहिल्यांदाच मी दोन तास सलग झोपले. इतकी गाढ झोप मला आजवर पुन्हा लागलेली नाही.