चुकत चुकत केळशी

ट्रिप नीट पार पडली की तिच्याबद्दल सांगण्यासारखं फारसं उरत नाही. गेलो, जेवलो, आलो. आमची केळशीची सायकल ट्रिप मात्र अजून संपलेली नाही. कारण आम्ही तिघं जिथे भेटू तिथे कोणीतरी म्हणतंच, "तो म्हशीचा सांग ना." मग मी म्हशीचा सांगतो, त्यातून फेरीबोटीचा निघतो, आणि दुकानात नंबर काढायला आलेलं गिऱ्हाईक मशीनवर हनुवटी टेकवून तसंच बसून राहतं.

आधी आम्ही तिघं कोण ते सांगतो. मी अनिल, रत्नागिरीत माझं चष्म्याचं दुकान आहे. मृणाल शाळेत भूगोल शिकवते, पण हे वाटेत कोणाला सांगायचं नाही अशी तिची सक्त ताकीद असते. नंदूकाका आमच्यात सगळ्यांत मोठे, सदुसष्ट वर्षांचे. तीस वर्षं बोटीवर इंजिनियर होते. जगात कुठेही नेऊन सोडा, हा माणूस घरी परत येणार, अशी त्यांची ख्याती. त्यामुळे लीडर तेच. श्रावणात चार दिवसांची रजा जुळली आणि भर पावसात आम्ही निघालो. किनाऱ्याकिनाऱ्याने जयगड, हेदवी, गुहागर, दाभोळ, दापोली आणि शेवटी केळशी.

*

रूट काकांनी आखला होता. भिंतीवरचा जिल्ह्याचा नकाशा उतरवून त्यावर फूटपट्टी ठेवली आणि म्हणाले, "पहिला दिवस चाळीस किलोमीटर. दुपारी जेवायला हेदवीत."

दुपारी दोन वाजता आम्ही जयगडच्याही अलीकडे होतो. आपल्याकडे समोर दिसणारं गाव समोरच असतं, पण रस्ता आधी डोंगर उतरतो, पऱ्याचं पाणी ओलांडतो, पाठ फिरवून भलतीकडेच जातो आणि तासाभराने त्याच गावाच्या मागच्या बाजूला काढतो. माझा सायकल मीटर बावन्न दाखवत होता आणि हेदवी अजून खाडीच्या पलीकडे होती.

मृणालने शांतपणे विचारलं, "काका, वळणं धरली होती ना?"

"समुद्रात वळणं नसतात गो."

"आणि चढ?"

काका बराच वेळ पायडल मारत राहिले. मग म्हणाले, "तेही नसतात."

*

हेदवीत एका घरी राहायची सोय केली होती. अंधार पडता पडता पोहोचलो. घरच्या काकूंनी ओट्यावरूनच विचारलं, "गाडी बंद पडली काय?"

"नाही, सायकलनेच आलो. रत्नागिरीहून."

"ह्या पावसातनं? नवस होता काय?"

नंदूकाका देव मानत नाहीत. त्यांनी व्यायाम, निसर्ग, हिरवाई असं सगळं नीट समजावून सांगितलं. काकू ऐकत होत्या, पण चेहऱ्यावर शंका तशीच. "मग घरचे काही बोलले नाहीत?"

मृणालच्या पायात गोळे आले होते. तिला आत जायचं होतं. ती म्हणाली, "हो काकू, नवसच होता."

"मग आधी सांगायचं नाही का!" काकूंचा चेहरा एकदम मोकळा झाला. पाय शेकायला गरम पाणी आलं, भातावर तूप आलं, आम्ही गाढ झोपलो.

सकाळी उठून बघतो तर अंगणात वाडीतली सात-आठ माणसं हातात नारळ घेऊन उभी. सायकलने रत्नागिरीहून नवस फेडायला आलेल्यांच्या हातून नारळ गेला तर गणपतीला लवकर पोहोचेल, असं काकूंनी सगळीकडे सांगितलं होतं. आम्ही नाही म्हणू शकलो नाही. देवळाच्या चढावर एकूण अकरा नारळ वाहून नेले. त्यातले सहा काकांच्या सायकलवर होते.

*

आता म्हशीचा. हेदवीहून गुहागरकडे जाताना सड्यावर धुकं उतरलं. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा सपाट कातळ. तिथे झाड नाही, घर नाही, खूण म्हणून काही नाही. मृणाल पुढे होती. थोड्या वेळाने हाका मारल्या तर ओ येईना. फोनला रेंज नव्हती. कातळाची कड कुठे संपते तेही दिसत नव्हतं. मी सायकलची घंटी वाजवत सुटलो.

तेवढ्यात डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेतलेला एक म्हातारा धुक्यातून समोर आला.

काकांनी घाईघाईने विचारलं, "आमची एक पुढे गेलीय. दिसली का?"

"माझी पन सकाळधरनं गेलीय," तो म्हणाला.

काका हळहळले. "एकटीच?"

"एकटीच. तुमची कशी हाय?"

"लाल रेनकोट घातलाय."

म्हातारा जरा थांबला. "तिला रेनकोट घालताव?"

"मग पावसात नको?"

"नको असं नाय," तो विचारात पडून म्हणाला. "लांब नाय जायाची. खालच्या वाडीत गवत बरं हाय."

काका माझ्याकडे बघायला लागले. मला तेव्हा म्हाताऱ्याच्या हातातलं दावं दिसलं.

तरी आम्ही त्याच्याच मागून गेलो, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. खालच्या वाडीत पहिल्याच घराच्या पडवीत मृणाल चहा पीत बसली होती आणि अंगणात एक म्हैस रवंथ करत होती.

"रस्ताच दिसेना," मृणाल म्हणाली. "तेवढ्यात ही समोरून निघाली. अगदी खात्रीने चालत होती. आपल्यात तेवढी खात्री कोणाला होती? मी सायकल ढकलत तिच्या मागे आले."

म्हाताऱ्याने म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला. मग मृणालकडे आणि तिच्या लाल रेनकोटकडे नीट बघून म्हणाला, "ही होय तुमची."

*

धोपाव्याहून दाभोळला जाताना खाडी फेरीबोटीने ओलांडावी लागते. चढावरच्या टपरीवर चहा घेऊन आम्ही धक्क्यावर उतरलो. पाऊस झोडपत होता, म्हणून मी आणि मृणाल वरच्या केबिनमध्ये जाऊन बसलो. काका इंजिन बघायला खाली गेले. इंजिनवाल्याशी त्यांची लगेच गट्टी जमली. बोट लागली की काका हाक मारतील असं आम्ही धरून चाललो. आम्ही हाक मारू असं काकांनी धरलं. आमचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा बोट धक्क्याला लागत होती. गडबडीने सायकली उतरवल्या आणि समोरच्या चढाला लागलो. चढ काही संपेना. वर एक चहाची टपरी दिसली तसे थांबलो.

मृणाल कुजबुजली, "काका, मघाच्या टपरीवर अशाच बाई होत्या."

काकांनी निरखून बघितलं. "बहीण असेल. खाडीच्या दोन्ही बाजूंना सोयरिकी असतात."

टपरीवरच्या बाई आमच्याकडे बघतच होत्या. त्या म्हणाल्या, "काय विसरलाव? परत का आलाव?" मग पातेलं स्टोव्हवर ठेवत, "तीन चहा, त्यातला एक बिनसाखरेचा ना?"

तीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस बिनसाखरेचा चहा घेऊन पाठमोरा उभा राहिला. दुसऱ्या खेपेला आम्ही तिघंही उभ्यानेच खाडी ओलांडली.

*

केळशीलाच का जायचं, हे काकांनी आम्हाला शेवटच्या दिवशी आंजर्ल्याच्या चढावर सायकल ढकलताना सांगितलं. तिथे त्यांचा विष्णू नावाचा मित्र होता. दोघं एकाच बोटीवर, कितीतरी वर्षं एकाच केबिनमध्ये. मग काहीतरी भांडण झालं. त्याला आता पंचवीस वर्षं झाली. दोघांनीही पुन्हा पत्र टाकलं नाही.

"कशावरून भांडलात?" मी विचारलं.

"आठवत नाही रे. त्याला आठवत असेल, तीच भीती आहे."

केळशीत शिरल्यावर किराणा दुकानात चौकशी केली. दुकानदाराने बोट दाखवलं, "विष्णूभाऊ ना? ते काय, पडवीतच बसलेत."

काकांनी सायकल स्टँडलासुद्धा लावली नाही. तशीच चिखलात टाकून पडवीच्या पायरीशी गेले. "विष्ण्या."

आरामखुर्चीतल्या म्हाताऱ्याने त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. मग उठून म्हणाला, "ये. केवढा भिजलायस."

त्यांनी आपले कोरडे कपडे काकांना दिले. वहिनींनी अळूवड्या तळल्या. काका बोलत सुटले. वादळं, बंदरं, सिंगापूरला चुकलेली बोट, खानसाम्याचा पोपट. विष्णूभाऊ माफक बोलत, हुंकार देत, मध्येच हसत. जेवून हात धुतल्यावर काका एकदम म्हणाले, "तेव्हा माझं चुकलं रे."

विष्णूभाऊंनी त्यांचा हात हातात घेतला. "मी ते कधीच विसरलो."

मग विष्णूभाऊंनीच विषय बदलला. "आणि तो खानसाम्याचा पोपट? शिव्या द्यायचा तो?" तसे काका डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. त्यांचा चष्मा डोळ्यांवर होता. नंबरही बरोबर होता, मीच तपासला होता.

सकाळी निघालो. काका लहान मुलासारखे सगळ्यांच्या पुढे गेले, मागून मृणाल. माझी चेन उतरली होती म्हणून मी बेड्याशी, अंगणाच्या फाटकाशीच मागे राहिलो. वहिनी वाटेत खायला फणसाचे तळलेले गरे घेऊन आल्या.

मी म्हटलं, "काकांचा जीव हलका झाला. बोटीवरचा मित्र भेटला त्यांना."

वहिनींनी पुडी माझ्या हातात दिली आणि पडवीकडे एकदा वळून बघितलं.

"आमचे हे बोटीवर कधीच नव्हते," त्या हळूच म्हणाल्या. "पोस्टमन होते. ह्याच गावात."