मुकादमानं कुणाला काय सांगितलं

मी संशयी माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. दुधानं माझं तोंड कधी पोळलं नाही, तरी मी ताक फुंकून पीत आलो. बाजारातून आणलेली भाजी मी घरच्या काट्यावर पुन्हा मोजतो. आई म्हणते, "याला देवाचा परसाद दिला तरी आधी हुंगून बघंल." आईला वाटतं ही थट्टा आहे, पण मी खरंच हुंगतो.

हा स्वभाव वडिलांकडून आला असावा. ते राहनाळला एका गोडाऊनमध्ये मुकादम होते. मुकादम स्वतः गोणी उचलत नाही. मालक त्याला एक वाक्य सांगतो, तो त्याचे चार हुकूम करून हमालांना वाटतो, आणि मधे एखादा हुकूम स्वतःच्या पदरचाही घालतो. वडील आपल्याच कामाबद्दल म्हणायचे, "तू मुकादमाला काय सांगलास त्ये नको बघू. त्यानं हमालांना काय सांगला त्ये बघ."

पुढं त्याच राहनाळमध्ये, गोडाऊनांच्या रांगेतल्या एका गाळ्यात मी नोकरीला लागलो. आम्ही पॉवरलूमला लावायचं एक छोटं इलेक्ट्रॉनिक कार्ड बनवतो. आडवा धागा तुटला की कार्डानं लूम थांबवायची, एवढंच त्याचं काम. त्यातला प्रोग्राम मी लिहितो. तो चिपला समजेल असा उतरवायला कंपायलर लागतो, पण आपण ज्याला हाक मारतो तो खरा कंपायलर नसतोच. तो असतो ड्रायव्हर, म्हणजे आमच्या वडिलांच्याच पेशातला. एकाकडून तो कोड साफ करून घेतो, दुसऱ्याकडून उतरवून घेतो, शेवटी कुणाकडून तरी सगळं जोडून घेतो. कुणाला काय सांगायचं हे त्याच्या नियमांवरून ठरतं, आणि ते नियम हवे तर एका फाईलमध्ये लिहून आपल्याला बदलता येतात.

गेल्या वर्षी अंबाडीकडची एक इंजिनियर मुलगी आमच्याकडे सहा महिन्यांच्या बोलीवर आली. घरी भातशेती, आणि महिन्याचा पगार आणणारी ती एकटीच. सहा महिने नीट गेले तर नोकरी पक्की, असं शेठनी तिला सांगितलं होतं. ती कमी बोलायची. कमी बोलणाऱ्या माणसाचा मला पहिल्या दिवसापासून संशय येतो.

तिचा सहावा महिना संपत आला तेव्हा माझ्या पुतण्याची हळद होती. मी चार दिवस रजेवर गेलो. तोवर गिऱ्हाइकाच्या कार्डात जाणारी उतरवलेल्या प्रोग्रामची प्रत्येक फाईल माझ्या मशिनवर, म्हणजे माझ्या कॉम्प्युटरवर बनायची, ती त्या आठवड्यात पहिल्यांदा तिच्या मशिनवर बनली. मी परतलो त्याच दिवशी एका लूमवाल्याचा फोन आला. "भाई, धागा टूट गया और लूम चलती रही. पूरा थान खराब हो गया."

मी दोन्ही मशिनवरचा कोड शेजारी शेजारी ठेवून तपासला. एका अक्षराचा फरक नव्हता. दुसरा कुणी असता तर त्याचा संशय तिथंच फिटला असता. मला वाटलं, हिनं काहीतरी बदललं आणि मी यायच्या आत परत जागेवर ठेवलं. मी शेठकडे गेलो आणि म्हटलं, "हिच्या हातून फाईल जाऊ देऊ नका. हिनं कोडला हात लावलाय." शेठ म्हणाले, "तू बोलतोस म्हणजे असणार. शनिवारी तिचे सहा महिने भरतात, तेव्हा सांगून टाकतो."

तिला ते कळलं असावं, कारण बुधवारी ती माझ्या टेबलाशी आली. "सर, तुमच्या मशिनवर ड्रायव्हरला डॅश व्ही लावून बघूया का? तुम्ही बसा, मी नुसती उभी राहते." डॅश व्ही लावलं की ड्रायव्हर कुणाला काय सांगितलं ते सगळं बोलून दाखवतो. मी म्हटलं, "माझ्या मशिनचं तू बघू नको, तुझ्या मशिनचं बघ." ती आपल्या जागेवर गेली. चोराच्या मनात चांदणं, असं मी मनात म्हटलं. त्यानंतर जागेवरून उठताना मी स्क्रीनला कुलूप लावायला लागलो.

शुक्रवारी दुपारी ती डबा खायला गेली होती. तिच्याविरुद्ध पक्का पुरावा हाती असावा म्हणून मी तिच्या मशिनवर डॅश व्ही लावलं. पहिल्याच ओळीत ड्रायव्हर म्हणाला, मी माझे मूळचे नियम वापरतोय. मग माझ्या मशिनवर लावलं. तिथं तो म्हणाला, मी या फाईलमधून नियम वाचतोय. पुढं फाईलचा पत्ता होता.

खरं सांगतो, पहिला विचार आला तो हा, की ही फाईल हिनंच माझ्या मशिनवर आणून ठेवली. मग मी तारीख बघितली. फाईल दोन वर्षांपूर्वीची होती, तेव्हा ही मुलगी इथं आलेलीच नव्हती. फाईलच्या मालकाच्या जागी माझं नाव होतं.

मग सगळं आठवलं. धागा दिसेनासा झाला की कार्ड ठोके मोजतं आणि दीडशेच्या पुढं गेलं की लूम थांबवतं. मी मोजणीसाठी मेमरीतला जो छोटा खाना घेतला होता, तो मूळच्या नियमांत एकशे सत्तावीसच्या पुढं जात नाही, उणे होतो. म्हणजे दीडशे कधी येतच नाहीत. कोड दुरुस्त करायचा कंटाळा म्हणून मी या फाईलमध्ये लिहून मुकादमालाच, म्हणजे ड्रायव्हरला, परस्पर सांगून ठेवलं होतं, उणे धरू नको. आणि विसरलो. काखेत कळसा आणि मी गावाला वळसा घालत होतो.

फाईल उडवून टाकली असती तर कुणाला कळलं नसतं. ते मनात आलं आणि बराच वेळ मनात राहिलं. मग तिचा डबा खाऊन झाला, ती हात पुसत आत आली, आणि तिच्याकडे मला बघवेना. मी उठून शेठच्या केबिनमध्ये गेलो आणि सगळं सांगितलं. शेठ म्हणाले, "उद्या तिला घरी पाठवणार होतो रे मी." मग म्हणाले, "राहू दे तिला. पक्की करतो. आणि हे तिला तूच सांग."

मी तिच्या टेबलाशी जाऊन सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "माहीत होतं, सर." उणे न धरण्याचा तोच हुकूम तिनं तिच्या मशिनवर ड्रायव्हरला देऊन बघितला होता. मग तिच्याकडे बनलेली फाईल आणि गिऱ्हाइकाला आधी गेलेली माझी फाईल तंतोतंत एक आली होती. हे मंगळवारीच झालं होतं.

"मग शेठना का नाही सांगितलंस? नोकरी जात होती तुझी."

"तुमच्या मशिनवर फाईल सापडली असती," ती म्हणाली, "आणि तुम्ही म्हणाला असता, ती हिनंच ठेवली. म्हणून म्हटलं होतं, तुम्ही बसा, मी उभी राहते."

मला तिला म्हणायचं होतं, नाही, असं मी कधीच म्हटलं नसतं. पण तासाभरापूर्वी मनात मी तेच म्हटलं होतं. मी मान खाली घालून म्हटलं, "हो, म्हटलं असतं."