नव्वदवर अडकलेला काटा

कचेरीत त्याला खऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे. सगळे टक्के म्हणत. वेबपानावर व्हिडिओ उघडेपर्यंत खाली पट्टी भरत जाते ना, शेजारी आकडा पळतो, ती पट्टी करणं हे याचं काम. अकरा वर्षं तेच. लोकांची वाट पाहायची सोय करता करता गड्याचे डोळे खोल गेले होते आणि खुर्चीलासुद्धा त्याच्या पाठीचा बाक आला होता.

आता यातली गोम ऐका. पानावर दिसणारा व्हिडिओ असायचा भलत्याच कुणाच्या यंत्रावर. तो किती आला, किती राहिला, हे पानाला कळायचंच नाही. मग साहेबांनी तोड काढली: पट्टी झपाट्यानं नव्वदपर्यंत पळवायची आणि व्हिडिओ येईतो तिथंच बसवून ठेवायची.

"माणसाला वाटतं, आलंच आता!" साहेब टाळी वाजवून म्हणाले.

टक्केनं मुकाट्यानं तसं केलं. वाद घालायलाही अंगात जोर लागतो.

त्याचे वडील पाण्याच्या टाकीवर एकतीस वर्षं व्हॉल्व्ह उघडायचे-मिटायचे. निवृत्त होऊन चार वर्षं झाली आणि उजवं अंग गेलं, त्याबरोबर वाचाही गेली. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी रोजचे धडे एका वेबपानावर दिले. ते पान टक्केच्याच कचेरीनं केलेलं. "पहिले काही महिने सोडू नका," बाईंनी बजावलं. "तेव्हा जीभ वळली तर वळली." दोन महिने झाले, शब्द म्हणून फुटेना.

एका संध्याकाळी टक्के बूट न काढताच पलंगावर टेकला. "आई, रोज बसवतेस ना त्यांना?"

"बसवते की. बसतात, बघतात नि बंद करतात. हट्टी मेले."

"कुणावर गेलेत?"

"तुझ्यावर तरी नाही. तुझ्यात हट्ट करण्याइतका जीव उरलाय कुठं?"

तो उठून वडिलांशेजारी बसला. पान उघडलं. पट्टी पळाली, नव्वदवर आली, थांबली. वडील थोडा वेळ आकड्याकडे टक लावून राहिले. मग डावा हात उचलला आणि पान बंद.

"अहो बाबा, का?"

वडिलांनी हवेत एक चाक फिरवलं. फिरवलं, फिरवलं, शेवटी घट्ट आवळलं.

टक्के बघतच राहिला. लहानपणी डबा घेऊन टाकीवर गेला की हेच वडील पाणी किती भरलं ते दाखवणाऱ्या काट्याकडे बोट करून सांगायचे, "हा चढायचा थांबला ना, की आधी व्हॉल्व्ह बंद. कुठंतरी फुटलेलं असतं, पाणी वाया जातं."

"आई, अगं हे व्हॉल्व्ह बंद करतायत!"

"मग बरोबरच आहे त्यांचं," आई भांडी पुसता पुसता म्हणाली. "खोटा काटा बसवला कुणी?"

त्या रात्री टक्केला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो साहेबांपुढे उभा राहिला. "धड्यांचे व्हिडिओ आपल्याच यंत्रावर ठेवतो. मग जेवढं आलं तेवढंच दाखवता येईल."

"आणि तेवीसवर रेंगाळलेलं बघून लोक पळाले तर?"

"नव्वदवर अडकलेलं बघून माझे वडील पळाले, साहेब. दोन महिने रोज."

साहेबांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. अकरा वर्षांत या माणसानं सलग दोन वाक्यं बोललेली त्यांना आठवेनात. "बरं, कर बाबा," ते म्हणाले.

आठवडा लागला. मान आखडली, बोटं दुखली. रविवारी दुपारी त्यानं वडिलांपुढे पान उघडलं. पट्टी गोगलगायीसारखी सरकू लागली. एकोणीस. वीस. एकसष्टावर येऊन थबकली. वडिलांचा डावा हात उचलला गेला. आईचं फडकं हातातच राहिलं.

बासष्ट.

हात हळूच मांडीवर उतरला. त्रेसष्ट, चौसष्ट, आणि सगळं भरल्यावर पडद्यावरच्या बाई म्हणाल्या, "माझ्यामागून म्हणा. प, पतंग."

वडिलांचे ओठ एकमेकांवर दाबले गेले. सुटले. परत दाबले गेले.

"पं...प," ते म्हणाले.

"पतंग म्हणायचंय हो," आई म्हणाली, आणि तिनं फडक्यानंच डोळे पुसले.

टक्केनं भिंतीला डोकं टेकलं. "राहू दे, आई," तो म्हणाला. बूट आजही पायातच होते.