काकी बसली की गाडीचा पिकअप जातो

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. नुसता नाही असं नाही... आगाशीच्या बाजारात उभी राहून मी बुवाबाजीविरुद्ध पत्रकं वाटते आणि "ताई, तुम्हाला घरी कामं नसतात का" असले टोमणे ऐकून घेते. तेव्हा हे वाचून कुणी "बघा, पटलं ना शेवटी?" म्हणायला येऊ नये. मला काहीही पटलेलं नाही. पण घडलेलं लपवणं हाही खोटेपणाच.

माझे काका, नाना, गेल्या वर्षी हार्ट अटॅकनं गेले. मागे काकी, केळीची वाडी आणि दहा वर्षं जुनी पेट्रोल गाडी. काकीच्या किडन्या निकामी आहेत, आठवड्यातून तीनदा वसईला डायलिसिस. नाना न्यायचे, आता मी नेते. सकाळी सातची पाळी. उशीर झाला की तेवढा वेळ कापतात, कारण मशीनसाठी पुढचा पेशंट थांबलेला. इथे टॉवर मोजता येत नाहीत आणि डायलिसिसची मशीनं बोटांवर मोजता येतात — पण तो वेगळा लेख आहे.

मी पहिल्यांदा काकीला घेऊन निघाले आणि गाडीनं दम सोडला. ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी काटा वीसच्या पुढे जाईना. लवकर निघालो तरी पुलाच्या चढावर मान टाकायची. रिक्षा करून पाहिली, तर आपले थोर रस्ते... काकी उतरली तेव्हा पांढरीफटक. पंधरा दिवसांत तिचे पाय सुजले, बोलताना धाप लागायला लागली.

"राहू दे गं. नको नेऊस आता," ती म्हणाली.

हे ऐकून मी गाडी तडक पापडीला बस्त्याव अंकलच्या गॅरेजमध्ये नेली. त्यांनी एअर फिल्टर बदलला, प्लग बदलले, पेट्रोलचा पंप तपासला. सायलेन्सर चोक आहे का, ब्रेक धरून राहतोय का, सगळं पाहिलं. स्कॅनरवर एकही एरर नाही. मग स्वतः पुलावर नेली. साठनं चढली.

"बाय, गाडी मस्त हाय. तुलाच चालवता येत नाय."

"मी एकटी असले की माझ्याकडूनही पळते. काकीला बसवून चालवा ना."

दुसऱ्या दिवशी काकीला बसवून अंकलनी चालवली. वीस.

"वजनानं क्लच सुटत असंल," ते म्हणाले. वजन? काकी त्रेचाळीस किलोची. तरी त्यांनी तिला उतरवून आमच्याच वाडीतले केळीचे घड पुढच्या सीटवर रचले. काट्यावर मोजून पन्नास किलो, वर सीटबेल्ट. साठ.

"केळ्यांना पळवते, माणसाला नाय," अंकल डोकं खाजवत म्हणाले. "काकी, तुमचं नि गाडीचं भांडण झालंय काय?"

ते थट्टेत बोलले, पण काकीचा चेहरा उतरला.

"गाडीशी नाही, यांच्याशी. शेवटच्या फेरीला उशीर झाला म्हणून यांनी दामटली. परतताना पण तसेच. खड्ड्यात आदळली, माझ्या हाताच्या सुईच्या जागेतून रक्त आलं. मी रागानं माझ्या गळ्याची शपथ घातली — मी गाडीत असताना विसाच्या वर जायचं नाही. दुसऱ्या दिवशी हे गेले. शपथ सोडवायची राहिली."

"काकी, शपथबिपथ काही नसतं," मी म्हणाले. पत्रकातलं वाक्यच. "इंजिन लोखंडाचं असतं."

"नसतं ना? मग सोडवली तर तुझं काय जातं?"

अंकल कापडानं हात पुसत राहिले, पुसून झालेले असूनही.

पुढच्या डायलिसिसला निघताना काकीनं डॅशबोर्डवर हात ठेवला. "अहो," ती हळूच म्हणाली, "सुटली शपथ. मोकळे व्हा."

मला राग आला होता, खोटं का बोलू. मी गिअर टाकला. वीस... पंचवीस... चाळीस. पूल कधी चढलो कळलंच नाही. सातला दहा कमी असताना पोचलो, काकीला पूर्ण चार तास मिळाले. तिच्या पायांची सूज आता उतरलीय.

अंकल म्हणतात, सीटखाली एखादी वायर दबत असेल. मग केळ्यांनी का नाही दबली? त्यावर ते दुसऱ्या गाडीचं बॉनेट उघडतात. योगायोग म्हणावं, तर अंकलनीही चालवून पाहिली होती. मी अजून शोधतेय, आणि अजून माझ्याकडे काही नाही.

त्या दिवशी परतताना काकी खिडकीबाहेर बघत होती. पूल आला तेव्हा म्हणाली, "गाडी चालत नव्हती ना, तोवर वाटायचं, हे आहेत. आता खरंच गेले गं."

मी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. मागे हॉर्न वाजायला लागले. वाजू दिले.