वेळ बदलून मिळणार नाही

गेल्या वर्षी, संक्रांतीच्या आठवडाभर आधीच्या मंगळवारी, दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी मी रजिस्टरमध्ये चार वर्षांच्या एका मुलीच्या नावापुढे तिसरी गैरहजेरी लिहिली. नियमाप्रमाणे तिची मंगळवार चारची जागा त्या क्षणी रिकामी झाली.

जरीपटका भागातल्या एका खासगी स्पीच थेरपी क्लिनिकचं कार्यालयीन काम मी सांभाळते. त्याआधी बावीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर होते. आवृत्ती बंद झाली, तेव्हा ओळखीतल्या एकीने विचारलं, भाषा नीट लिहिता येणारं आणि घड्याळ पाळणारं माणूस हवं आहे, येता का? क्लिनिक पहिल्या मजल्यावर आहे, खाली कापडाची दुकानं. थेरपिस्ट एकच. वयाने माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. मी त्यांना मॅडम म्हणते, त्या मला ताई. फोन, वेळापत्रक, फायली, शाळांना जाणारे अहवाल आणि प्रतीक्षायादी माझ्याकडे असते. त्या मंगळवारी यादीत अकरा मुलं होती.

मुलगी कोराडीहून यायची. वडील वीज केंद्रात कंत्राटदाराकडे कामाला. आई कळमेश्वरच्या एमआयडीसीत पॅकिंगला, सहाला सुटायची. त्यामुळे मुलीला आणायचे ते वडीलच, बसने. मुलगी आली तेव्हा मोजून नऊ शब्द बोलत होती. डिसेंबरच्या शेवटी ती पहिल्यांदा दोन शब्द जोडून बोलली. मॅडमनी ते तिच्या फायलीत लिहिलं आणि खाली रेघ मारली. आता खंड पडला तर मिळवलेलं जाईल, असं त्यांचं मत होतं. जागा गेली तर ती यादीत बाराव्या क्रमांकावर जाणार होती.

तिन्ही वेळा वडिलांचा फोन त्याच दिवशी सकाळी मला आला होता; ते मलाही मॅडमच म्हणत. शब्दही तेच. "मॅडम, आज जमून नाही राहिलं." एक दिवस आधी कळवलं नाही तर गैरहजेरी धरायची, असा नियम होता. "शिस्त नाही लोकांना," असं मी त्या मंगळवारी मोठ्याने म्हटलं. ऐकायला कोणी नव्हतं.

बुधवारी सकाळी जागा रिकामी झाल्याची चिठ्ठी तयार करायला मी रजिस्टर उघडलं. पहिला आठवडा गैरहजर. दुसरा, तिसरा हजर. चौथा गैरहजर. पाचवा, सहावा हजर. सातवा गैरहजर. डेस्कवर आमची रात्रपाळी बरोबर अशीच, दर तिसऱ्या आठवड्याला यायची. बावीस वर्षं मी तो तक्ता भिंतीवर पाहिला होता. मी चिठ्ठी बाजूला ठेवली आणि फोन लावला.

"तुमची ड्यूटी दर आठवड्याला बदलते का?"

"हो ना मॅडम. एक हप्ता पहिली पाळी, मग दुसरी, मग रातपाळी. पहिलीत दोनले सुटतो, रातपाळीत सकाळी झोपून येतो. दुसरी पाळी दोन ते दहा. तिच्यात चार वाजता कसा येऊ?"

"मग आदल्या दिवशी का कळवत नाही?"

"सकाळपर्यंत पाहतो ना, कोणी ड्यूटी बदलून देते काय. कोणी देत नाही. मग फोन करतो."

"मग आमच्याकडे वेळ बदलून का नाही मागितली?"



"काहून मागू मॅडम? तुमच्या कागदावर तं साफ लिहून आहे, वेळ बदलून मिळणार नाही म्हणून. घरी फ्रिजवर लावून ठेवला आहे तो कागद." मग आवाज खाली आला. "पोरीचा नंबर गेला काय?"

मी म्हटलं, शनिवारी सांगते.

तो कागद माझा होता. मी रुजू झाले तेव्हा क्लिनिकचे नियम पाच पानांवर होते आणि कोणी वाचत नव्हतं. मी ते एका पानावर आणले. चौदा पॉइंटची अक्षरं, ठळक मथळे. मॅडमनी त्या वेळी माझं कौतुक केलं होतं. जुनी पाच पानं खालच्या खणात सापडली. चौथ्या पानावर मॅडमनी लिहिलं होतं : "शक्यतो वेळ बदलून मिळणार नाही, मात्र नोकरीची किंवा घरची अडचण असल्यास आधी बोलावे, मार्ग काढता येईल." स्वल्पविरामापुढचं सगळं माझ्या लाल पेनाने कापलेलं होतं. "शक्यतो" हा शब्दही. जागा कमी पडली की 'मात्र'पासून पुढचं कापायचं, ही डेस्कवरची सवय. वाक्य ओळीत बसलं होतं.

गुरुवारी डबा खाताना मी विषय काढला. मॅडमनी मान हलवली. "ताई, नियम सगळ्यांना सारखा. यादीतल्या पहिल्या आईला मी शनिवारी दुपारी कळवते म्हणून सांगितलंय."

मी चौथं पान त्यांच्या डब्याशेजारी ठेवलं. "चूक त्यांची नाही. माझी आहे."

त्यांनी वाचलं. लाल रेघ पाहिली. मग पोळीचा घास तसाच हातात धरून म्हणाल्या, "दर तिसऱ्या मंगळवारी सकाळचे दहा मिळवा. मी बसते. पण दुसऱ्या मुलाला उठवून नाही. त्या घराने खुशीने दिलं तरच."

मंगळवारी दहाला जरीपटक्यातलाच एक तीन वर्षांचा मुलगा यायचा. त्याला आजोबा आणायचे. रेल्वेतून निवृत्त झालेले, बोलण्यात कोणाला हार न जाणारे. फोनवर ते ऐकायचे नाहीत, म्हणून शुक्रवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. ते ओट्यावर बसून पेपर वाचत होते. मी सगळं सांगितलं. मुलीचं नाव सांगितलं नाही.

"म्हणजे तीन हप्त्यातून एकदा मी चारले यायचं, अन् ते पोरगी दहाले?"

"हो."

"जमणार नाही, बाई."

"अडचण काय?"

"चार वाजता माहा चहा असते."

"क्लिनिकमध्ये करून देईन."

त्यांनी पेपर खाली ठेवला. आत एकदा पाहिलं. "साखरेचा?"

"घरी साखर बंद आहे का?"

"सुनेनं बंद केली. डॉक्टरपेक्षा तिचंच जास्त चालते."

"अर्धा चमचा."

"एक."

"अर्धा."

"बरं, अर्धा. पण तिले सांगायचं नाही."

"आमच्याकडची गोष्ट बाहेर जात नाही. तो क्लिनिकचा नियमच आहे."

"हा एक नियम चांगला केला तुम्ही," ते म्हणाले. "बाकीचा तुमचा कागद काही कामाचा नाही. सही कुठं करू?"

सही मी घेतली. वेळापत्रकाच्या प्रतीवर, तारखेसह.

शनिवारी अकरा वाजता ती प्रत मी मॅडमच्या टेबलावर ठेवली. त्यांनी सही पाहिली आणि विचारलं, "कसं पटवलं?" मी म्हटलं, सांगता येणार नाही. त्या हसल्या आणि त्यांनी वेळापत्रकावर स्वतःची सही केली. सव्वाअकराला मी कोराडीला फोन केला. वडिलांनी तारखा दोनदा लिहून घेतल्या आणि मला वाचून दाखवल्या. नंतर मागे कोणालातरी ओरडून सांगितलं, "अवं, राहिला नंबर! राहिला पोरीचा!" फोन चालूच होता.

तिसरी गैरहजेरी मी लाल पेनाने खोडली आणि शेजारी सही केली. वर्तमानपत्रात चूक छापली की दुसऱ्या दिवशी त्याच पानावर दुरुस्ती छापतात. मीही छापली आणि काउंटरच्या काचेवर लावली :

"दुरुस्ती. आमच्या नियमपत्रकात 'वेळ बदलून मिळणार नाही' असे छापले होते. ते चूक आहे. कामाच्या पाळीची किंवा घरची अडचण असल्यास काउंटरवर बोला. मार्ग काढू. चूक संपादनाची होती."

मॅडम म्हणाल्या, शेवटचं वाक्य नसलं तरी चालेल. मी ते ठेवलं.

सोमवारी एक आई काउंटरशी थांबली. गुरुवारी पाचला येताना तिची धावपळ व्हायची, सकाळी चाललं असतं, पण विचारायची सोय नव्हती, असं तिचं म्हणणं. बुधवारी एक वडील थांबले, अडचण जवळपास तीच. सकाळच्या दोन वेळा त्याच आठवड्यात रिकाम्या झाल्या होत्या, यादीतल्या सगळ्यांना मात्र चारनंतरचीच वेळ हवी होती. दोघांना त्या दिल्या. संध्याकाळच्या दोन जागा सुटल्या. यादीतल्या पहिल्या आईला मॅडमनी शनिवारी थांबायला सांगितलं होतं. तिला त्याच आठवड्यात गुरुवार पाच मिळाला. यादी अकराची नऊ झाली.

आजोबा ठरल्या मंगळवारी चारला पाच कमी असताना यायचे. नातू आत गेला की कप हातात घ्यायचे आणि पहिला घोट झाल्यावर प्रत्येक वेळी म्हणायचे, "अर्धाही नाही टाकला तुम्ही." मी अर्धाच टाकत होते. एकदा ते उशिरापर्यंत थांबले आणि मला म्हणाले, "ते पोरगी बोलायले लागली काय?" मी म्हटलं, इथली गोष्ट बाहेर जात नाही. "मी बाहेरचा आहे काय?" असं म्हणून ते नातवाला घेऊन जिना उतरले.

संक्रांतीपासून मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत अठरा मंगळवार झाले. मुलगी बारा वेळा चारला आली आणि सहा वेळा सकाळी दहाला. गैरहजेरी एकही नाही.

त्यातला अठरावा मंगळवार सकाळचा होता. वडील खाली पाण्याची बाटली भरत होते. मुलगी एकटीच जिना चढून आली आणि काउंटरच्या कडेला दोन्ही हात ठेवून उभी राहिली. तिचं फक्त कपाळ आणि डोळे दिसत होते.

मी विचारलं, "आज सकाळी कशी काय आलीस?"

ती म्हणाली, "बाबाची दुसरी पाळी आहे."

आतल्या खोलीचं दार उघडं होतं. मॅडम खुर्चीतून उठून दारात आल्या. त्यांनी मुलीला पुन्हा विचारलं. मुलीने तेच चार शब्द पुन्हा सांगितले, या वेळी जरा मोठ्याने, आम्हाला ऐकू येत नसावं अशा थाटात.

मॅडमनी वाक्य फायलीत लिहिलं. मी रजिस्टरमध्ये नोंद केली : हजर, दहा वाजून दोन मिनिटं.