चर्चच्या पायरीवरचे बूट

"तू बस हितं बुटांपाशी. तुज्या बापाला सवय हाय, तुलाबी जमंल."

जर्मनीतल्या एका भल्यामोठ्या, शेकडो वर्षं जुन्या चर्चच्या दारात आबा हे म्हणाले. आबा म्हणजे आमच्या दूध संघाचे चेअरमन. सगळे संचालक हसले. मीपण हसलो. माझं तोंड तसलंच. साहेबाच्या विनोदाला आधी हसतं, अर्थ मागनं कळतो.

सुरुवात माझ्याच येडेपणानं झाली. चीज कसं करतात ते बघायला संचालक निघाले होते आणि त्यांच्या बॅगा, पासपोर्ट सांभाळायला मी, संघाचा सुपरवायझर. आत मेणबत्त्या दिसल्या आणि गावच्या सवयीनं मी बूट काढले. मोज्यातून अंगठा बाहेर. मला बघून बाकीच्यांनीही काढले. आता एवढे महागाचे बूट सोडायचे कुणाच्या भरवशावर?

यवतजवळच्या आमच्या गावी आबाच जत्रा भरवतात, आणि माझा बाप तिथं देवळाबाहेर चपला राखतो. आज्जाही तिथंच बसायचा. घरात बुद्धाची मूर्ती, आणि बाप पायरीशी.

मी बसलो. नुसता बसलो नाही, बूट जोडीजोडीनं लावले. टाचा एका रेषेत. हे तर कुणी सांगितलंही नव्हतं.

लोक बूट घालूनच आत जात होते. दिसत होतं, तरी उठलो नाही. तेवढ्यात एक म्हातारी थांबली, हळहळली, माझ्या पुढ्यात एक नाणं ठेवून गेली.

कोट-टायमधला भिकारी!

कानशिलं तापली. नाणं तिथंच राहू दिलं. माझे बूट चढवले आणि आत शिरलो.

रंगीत काचांखाली आमचे संचालक गार फरशीवर मोज्यांनी उभे. कधी या पायावर, कधी त्या.

"बुटांपाशी कोनाय?" आबांनी विचारलं.

"कुणी न्हाई."

"मंग तू हितं काय करतूस? जा भायेर."

"न्हाई जानार, आबा. मीबी बघाया आलोय."

"गावाकडं चल. मंग दावतो तुला."

मी मान वर करून रंगीत काचा बघत राहिलो. बोललो होतो.

आबांनी दाखवलंच. आता मी टँकर धुतो. उद्या तेही काढून घेतील.

पुढच्या महिन्यात जत्रा आहे. बापाला म्हणालो, "आन्ना, यंदा बसायचं न्हाई."

"आन् आबांनी बोलावनं धाडलं तर?"

"तर मी जातो सांगायला."

तो भितो. माझ्यासाठीच भितो, मला ठाऊक आहे. बसेलसुद्धा.

मला त्यांच्या देवळात जायचं नाही. बाप बसलाच, तर भर जत्रेत, आबांच्या देखत, दंडाला धरून त्याला पायरीवरून उठवणार आहे.